गिरणीचा भोंगा आणि आपली माणसे

आपल्या शहरात रोज हजारो माणसे 'मिल कॉर्नर' हे नाव तोंडाने घेतात. रिक्षावाला घेतो, पोलीस आयुक्तालयात कामासाठी जाणारा घेतो, नागसेनवनात शिकायला येणारी खेड्यापाड्यातली पोरेही घेतात. पण ती मिल कुठली आणि तिच्यात राबले कोण, हे विशीतल्या मुलाला विचारले तर तो डोके खाजवतो. नाव राहिले, गिरणी गेली. शहराचे नावसुद्धा २०२३ साली बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, तरी मिल कॉर्नर हा मिल कॉर्नरच राहिला.

विहाराच्या स्मरणिकेत गिरणीचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांमधली विहारे कुणा शेठ-सावकाराच्या देणगीतून उभी राहिलेली नाहीत. पगाराच्या दिवशी घरोघर फिरून जमवलेल्या दोन-पाच रुपयांच्या वर्गणीतून त्यांच्या विटा आल्या. तो पगार कुठून येत होता, कसा येत होता आणि एक दिवस कसा यायचा थांबला, हे लिहून ठेवले नाही तर विहाराचाही इतिहास अर्धाच लिहिला जाईल. म्हणून हा लेखप्रपंच.

औरंगाबादला सूत-कापडाची गिरणी १८८९ साली उभी राहिली. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. शहरात रेल्वेसुद्धा नव्हती. मुंबईच्या गाडीसाठी नांदगावचे स्टेशन गाठावे लागे. हिमरू विणणाऱ्या कारागिरांचे हे जुने शहर, हातमागाचा आवाज इथल्या गल्ल्यांना नवा नव्हता. वाफेवर चालणारे माग मात्र नवे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये या गिरणीत ७०० माणसे कामाला असल्याची नोंद आहे. आज वाळूजच्या हिशेबाने हा आकडा छोटा वाटतो, त्या काळच्या औरंगाबादेत तो फार मोठा होता. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, मनमाडशी गाठ पडली आणि कापसाचा धंदा वाढला. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या जालन्यात ९ जिनिंग आणि ५ प्रेस झाले. १९०१ साली जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसमध्ये मिळून १,०१६ माणसे काम करीत होती.

हा सगळा काळ छप्पन्नच्या दुष्काळाला लागूनचा आहे. गावात पाणी नाही, काम नाही, आणि आपल्या माणसांच्या वाट्याला तर वेसकरकी, महारकी. दिवसरात्र गावाची हाक ओ द्यायची, सांगावे पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ती भाकरी हक्काची म्हणायचे, पण वाढणारी बाई ती वरून टाकायची. गिरणीने माणसाला यातून पहिल्यांदा बाहेर काढले. गिरणीत हजेरीपट होता. त्यात माणसाच्या नावापुढे दिवस लिहिले जात, दिवसांपुढे पैसे लिहिले जात आणि ते पैसे खिडकीतून हातात येत. कुणाच्या उंबऱ्यासमोर उभे राहावे लागत नसे. या एका गोष्टीचे मोल अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडायचे नाही, ते आजोबांना विचारावे लागते.

गिरणीत काम केलेला माणूस ओळखायचा कसा? तो घरातही मोठ्याने बोलतो. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी ओरडूनच बोलावे लागे, नाहीतर हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यावे लागे. निवृत्त झाल्यावरही ही सवय जात नाही. डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळीवर कापसाचा पांढरा भुरा घेऊन माणूस घरी यायचा. लहान मुले म्हणायची, बाबा म्हातारे होऊन आले. दुसरी ओळख छातीची. सुटीनंतर कामावर गेले की त्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, दम लागायचा, आठवडा सरता सरता जरा बरे वाटायचे. डॉक्टर लोक त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीने होणारा हा आजार कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे आणि त्याची भरपाई मागता येते. पण आपल्याकडे किती जणांनी ती मागितली? बहुतेकांनी गूळ खाऊन आणि बिडी ओढून तो दम काढला. बिडीने तो वाढत होता, हे सांगणारे कोणी नव्हते.

आता गिरणीच्या आतल्या जातीविषयी लिहायला हवे. खेडे सोडले म्हणून जात सुटली असे झाले नाही. मुंबई आणि नागपूरच्या गिरण्यांचे याबाबत बरेच लिहून ठेवलेले आहे, म्हणून तिथले सांगतो. गिरणीत कापसाचे कापड होईपर्यंत बरीच खाती लागतात. गाठी फोडायच्या, कापूस पिंजायचा, कार्डिंग करायचे, मग रिंग खात्यात सूत काढायचे, बाबिनी भरायच्या, कांजी लावायची, आणि शेवटी साचे खाते, म्हणजे विणकाम. सगळ्यांत जास्त पगार साचे खात्यात. आणि मुंबईत त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगितले तर आजची पोरे हसतील. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला दोन पाळ्यांतल्या माणसांचे ओठ लागणार. म्हणजे विटाळ! रिंग खात्यात आपला माणूस चालतो, धुळीत चालतो, साफसफाईत चालतो, फक्त पगार वाढतो तिथे चालत नाही. नागपूरच्या गिरण्यांतही हीच वाटणी दिसे. विणकामात मुख्यतः कोष्टी आणि मोमीन, तर आपली माणसे सूतकताईत. तिथली एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली, देशातल्या नावाजलेल्या गिरण्यांपैकी एक. तिथेही ही भिंत होतीच.

इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांतही बायका-पुरुष असेच तोंडाने सूत ओढायचे. तिथेही त्यावर आक्षेप घेतले गेले, पण ते दात किडतात, रोग पसरतात म्हणून. शेवटी १९५२ साली नियम करून तिथे ही पद्धत बंद करण्यात आली. धोटा तोच, सूत तेच. तिकडे त्याचा प्रश्न आरोग्याचा झाला, इकडे सोवळ्याचा. हाताने सूत ओवता येईल असे धोटे बाजारात होते, तरी ते आणून हा प्रश्न सोडवावा असे फार थोड्यांना सुचले. सोयीची सबब सहसा कोणी हातातून सोडत नाही.

ही सबब भर संपात चव्हाट्यावर आणली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. संप समितीच्या मागण्यांमध्ये साचे खाते अस्पृश्य कामगारांना खुले करावे ही मागणीसुद्धा असली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. समानतेची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी का-कू केली, मग ती मागणी घेतली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही बाबासाहेबांची मांडणी आपण भाषणांतून ऐकतो. त्या मांडणीच्या मागे हा धोटा आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले ते १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने. आठ तासांनी भोंगा होऊन जो माणूस घरी यायचा, त्याच्या उरलेल्या वेळात त्याने काय काय केले, त्याची यादी करायला बसलो तर निम्मी चळवळ त्यात येईल.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, आणि १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवन आणि मिल कॉर्नर ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हा योगायोग असेल, पण मला तो नेहमी विचार करण्यासारखा वाटतो. एकीकडे भोंगा, दुसरीकडे कॉलेजची घंटा. गिरणीत किंवा जिनिंगमध्ये राबणाऱ्या बापाला मुलाने आपल्या जागी 'लागावे' असे वाटत नव्हते, त्याने घंटेकडे जावे असे वाटत होते. मुंबईत मुलगा बापाच्या जागेवर चिकटण्याची वाट बघत असे, ते तिकडच्या घरांत भूषण होते. आपल्या वस्त्यांत शिकलेल्या मुलांनी बँक, टपाल, शाळा, एस. टी. महामंडळ अशा नोकऱ्या धरल्या. म्हणून गिरणी मोडली तेव्हा काही घरे सावरली, आणि ज्या घरात शिकलेले पोर नव्हते ते घर सरळ खाली बसले. दोन्ही प्रकारची घरे आपल्या वस्तीत आहेत, नावे घ्यायची गरज नाही.

गिरणी एका दिवसात बंद पडत नाही. भिंत पडावी तशी ती पडत नाही, ओल चढावी तशी चढते. साठ-सत्तरच्या दशकांत देशातल्या शेकडो गिरण्या आजारी झाल्या. मालकांनी नफा काढून दुसरीकडे नेला, यंत्रे जुनीच ठेवली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढू लागले. तिथे ना युनियन, ना प्रॉव्हिडंट फंड, ना आठ तास. पॉलिस्टर आले, सुती धोतर-लुगड्याचे गिऱ्हाईक कमी झाले. १९७२ साली सरकारने आजारी गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेण्याचा कायदा केला आणि १९७४ साली १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या यादीत औरंगाबाद मिल्सचे नाव आहे, नांदेडची उस्मानशाही आहे, बार्शी आणि चाळीसगावही आहे. या सर्व गिरण्या नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन म्हणजे एन.टी.सी.कडे गेल्या.

राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सर्वत्र कामगारांनी गुलाल उधळला. आता मालक सरकार, आता काय काळजी? पगार वेळेवर होऊ लागला, ही गोष्ट खरी. पण सरकारने गिरण्या घेतल्या त्या जुन्या यंत्रांसकट घेतल्या. वरून गरिबांसाठी स्वस्त दरातले कंट्रोलचे कापड काढण्याचा मोठा बोजा याच गिरण्यांवर टाकला. ते कापड विकून खर्चही निघत नसे. म्हणजे गरिबाच्या अंगावर कापड घालण्यासाठी जी गिरणी तोट्यात गेली, तिच्यावरच पुढे 'तोट्यातली गिरणी' असा शिक्का मारून कुलूप घातले. या तोट्यात कामगाराचा दोष किती होता, याचा हिशेब कोणी मांडला नाही. कामगार आळशी, युनियनबाजी फार, एवढे मात्र सगळ्यांनी सांगितले.

ऱ्हासाची लक्षणे कामगाराला साहेबाच्या आधी कळतात. एका साच्याचा भाग काढून दुसऱ्याला लावायला सुरुवात झाली की समजावे. गोदामात कापसाच्या गाठी कमी दिसू लागतात. वीज गेली की पूर्वी धावपळ व्हायची, आता कोणी धावत नाही. कॅन्टीनचा चहा पातळ होतो. फिटर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. मग एक दिवस नोटीस बोर्डावर 'ले-ऑफ' हा शब्द येतो. कायद्याने ले-ऑफच्या दिवसाला अर्धा पगार मिळतो. पण तो कायमच्या कामगाराला. बदली कामगाराला कायद्याने त्यातून वगळले आहे, सलग एक वर्षाची सेवा भरली तरच त्याची गणना होते. वर्षाची सेवा म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. आणि २४० भरायच्या आत बदलीचे कार्ड थांबवायचे कसे, ही विद्या जॉबर आणि टाइम-कीपर यांना चांगली अवगत होती. बदलीवर कोण असायचे? ज्याचा आत कोणी मामा-काका नाही तो. भोंग्याआधी गेटवर येऊन उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर दुपारपर्यंत मोंढ्यात हमालीला. अशी वर्षे काढलेल्या माणसाने आयुष्यभर गिरणीत काम केले असे घरचे सांगतात, आणि गिरणीच्या कागदावर तो कधी नव्हताच.

इथे एक गोष्ट लिहितो, ती मी इतर कुठे फारशी लिहिलेली पाहिली नाही. १९७४ ला गिरणी केंद्र सरकारच्या महामंडळाची झाली, म्हणजे नोकरभरतीत अनुसूचित जातींचे आरक्षण लागू झाले. ज्या साचे खात्यासाठी १९२८ साली भांडावे लागले, तिथे आता कायद्याने जागा राखीव. पण आपण १९५६ ला धम्मदीक्षा घेतलेली माणसे. महाराष्ट्र राज्याने आपल्या नोकऱ्यांत नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध नव्हते. धर्म बदलला की दलितपण संपले, असे दिल्लीच्या कागदाचे म्हणणे. ज्याने दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिले त्याला सवलत, ज्याने प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले त्याला नाही. कित्येक घरांत यावरून बाप-लेकांची भांडणे झाली. शेवटी १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. तोपर्यंत १९८५ चे नवे वस्त्रोद्योग धोरण येऊन गेले होते, त्यात न चालणाऱ्या गिरण्या बंद करायला वाट करून दिलेली होती. १९९० नंतर दोन-तीन वर्षांतच एन.टी.सी.च्या बहुतेक उपकंपन्या आजारी उद्योगांच्या मंडळापुढे, बी.आय.एफ.आर.कडे गेल्या. नवी भरती कुठली? होते त्यांनाच स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले जात होते. दार उघडले तेव्हा आत बसायला जागा नव्हती, घरच मोडीत निघाले होते. पुढे एन.टी.सी.ने देशभरातल्या साठाहून अधिक गिरण्या कायमच्या बंद केल्या. आपल्या गिरणीचा भोंगाही कायमचा थांबला.

'स्वेच्छा' हा शब्द फार फसवा आहे. ज्या गिरणीत कापूस येत नाही आणि वीज भरली जात नाही, तिथे राहून करणार काय? सह्या झाल्या. एकदम हातात आलेली रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी होती. काहींनी पत्र्याचे घर पक्के केले, काहींनी मुलीचे लग्न उरकले, काहींनी नातेवाइकाला उसने दिले आणि ते गेले. रिक्षा घेतलेल्यांचे काही वर्षे बरे चालले. पंचेचाळीस वर्षांच्या रिंग खात्यातल्या माणसाला चिकलठाणा-वाळूजमध्ये कोणी घेईना. १९८५ साली वाळूजला बजाज आली, तिच्यामागे लहानमोठे कारखाने आले, शहर वाढले. पण तिथे आय.टी.आय.चा दाखला विचारायचे आणि वय विचारायचे. धाग्याला गाठ मारण्यात वाकबगार असलेल्या बोटांना तिथे काही किंमत नव्हती. आणि खासगी कारखान्यात आरक्षण नाही, हेही खरेच.

घर कोणी चालवले, हे मात्र पुरुष सांगताना घाईने सांगतात. घर बायकांनी चालवले. धुणीभांडी, बांधकामावर विटा वाहणे, शेतातली खुरपणी, दवाखान्यात आयाचे काम. गिरण्यांमध्येसुद्धा एकेकाळी वाइंडिंग आणि रीलिंगला पुष्कळ बायका असायच्या. त्यांना रात्रपाळी कायद्याने बंद आणि बाळंतपणाची रजा द्यावी लागते म्हणून मालकांनी हळूहळू बायकांची भरतीच थांबवली. म्हणजे गिरणीतून बायका आधी गेल्या, पुरुष नंतर. त्या गेल्या तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही.

मुंबईची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण मराठवाड्यातलेही लोक तिथल्या गिरण्यांत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून मोडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट मिळाली. पुढे कामगारांच्या लढ्यामुळे त्या जमिनींवर घरे देण्याचे ठरले आणि म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. अर्ज करणाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता, कागद. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे दाखवा. ज्यांच्या बायकांनी पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड, ई.एस.आय.चे कार्ड पेटीत तळाशी जपले होते त्यांना वाट सापडली. ज्यांचे चाळीतले घर विकताना पेटी भंगारात गेली, त्यांनी वीस वर्षे गाळलेला घाम कुणाला दाखवायचा? ही योजना मुंबईच्या गिरण्यांपुरती होती. औरंगाबाद-नांदेडच्या गिरणी कामगाराला असे घर कोणी देऊ केले नाही.

गिरणीची गोष्ट जुनी झाली असे वाटत असेल तर पैठण रस्त्याने चितेगावला जाऊन यावे. व्हिडिओकॉनने १९८० च्या दशकात रंगीत टी.व्ही. घरोघर नेला, आणि चितेगावच्या कारखान्याची नोकरी म्हणजे लग्नाच्या बाजारात मुलाचा भाव वाढवणारी गोष्ट होती. जाड काचेच्या नळीचे टी.व्ही. गेले, पातळ पडद्याचे आले, कंपनीने तेल, टेलिफोन असे भलतेच धंदे काढले, कर्ज वाढले आणि जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. एकूण दावे सुमारे ६५ हजार कोटींचे, आणि २०२१ साली ती घेण्यासाठी मंजूर झालेली बोली सुमारे तीन हजार कोटींची. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरीही रद्द केली. या कायद्यात कंपनी मोडीत काढली तर कामगारांची मागची २४ महिन्यांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात, आणि प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटीचा निधी तर त्या वाटपाच्या बाहेरच असतो. हे कंपनीच्या पटावरच्या कामगाराला. ठेकेदाराकडून आलेल्या पोराचा मालक ठेकेदार. जुन्या गिरणीतला बदलीवाला आणि आजचा ठेक्यावरचा पोरगा एकाच गेटबाहेर उभे आहेत.

कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली ३०० कामगारांपेक्षा मोठ्या कारखान्यांना होते. पुढे ही मर्यादा १०० वर आणली गेली. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती पुन्हा ३०० झाली. आपल्या पोरांनी वाळूज-शेंद्र्यात नोकरी धरताना कारखान्यात पटावर माणसे किती आणि ठेक्यावर किती, हे पगाराइतकेच विचारून घ्यावे.

आता कामाचे. १९९५ च्या नोव्हेंबरनंतर ज्यांची प्रॉव्हिडंट फंडात कपात झाली, त्यांना दहा वर्षांची सेवा भरत असेल तर पेन्शन लागू होते. २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे, आणि कामगार वारल्यास विधवेलाही पेन्शन मिळते. तुटक सेवा जोडून दहा वर्षे भरतात का, हे अनेकांनी कधी पाहिलेलेच नाही, कारण एका ठिकाणची चिठ्ठी आहे आणि दुसऱ्या ठिकाणची नाही. ज्यांच्या घरी गिरणीचे, जिनिंगचे किंवा कुठल्याही बंद कारखान्याचे हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, ई.एस.आय.चे कार्ड, ले-ऑफची नोटीस, गेटपास, युनियनची वर्गणी पावती असेल, अर्धवट फाटलेली का असेना, त्यांनी ती रविवारी वंदनेनंतर विहारात आणावी. झेरॉक्स काढून मूळ कागद लगेच परत दिला जाईल. आणि ज्या घरात कागद नाही पण आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांनाच घेऊन यावे. कुठल्या खात्यात होते, पाळी कुठली, जॉबर कोण, शेवटचा पगार किती आणि कोणत्या सालचा, हे ते सांगतील तसे वहीत उतरवून घेऊ.